रेफ्रीचं पळणं

"पळायचंय?" डॉक्टर सबनीसांनी चष्मा कपाळावर सरकवला. "का हो, कुणी मागं लागलंय का?"

"माझ्या मागं कोण लागतंय! मलाच चेंडूच्या मागं लागायचंय," मी म्हणालो.

शेजारच्या खुर्चीतली माझी बायको, विजयमाला, पदर तोंडाला लावून हसली. डॉक्टरही हसले. मग त्यांनी माझे रिपोर्ट पुन्हा एकदा खालीवर केले. माझं जठर लहान करून आतडं वेगळ्या जागी जोडायचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं, त्याला तीन महिने होऊन गेले होते. वजन उतरत होतं. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. रात्री मी घोरत नाही म्हणून पहिले काही दिवस माला दचकून उठायची आणि माझ्या नाकापुढं हात धरून बघायची.

"चालताना चक्कर येते?"

"नाही. सकाळी रंकाळ्याची एक अख्खी फेरी होते."

"पाणी?"

"घोट घोट," माला मध्येच बोलली. "हातात बाटली नसली तर मी उंबरा ओलांडू देत नाही त्यांना."

"मग हरकत नाही. पण एकदम सुटायचं नाही. थोडं पळायचं, जास्त चालायचं. उपाशीपोटी नाही आणि जेवून लगेच नाही. प्रोटीन आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि साळोखे, नीट ऐका. पळायच्या आधी गोड काही नको. सरबत नको, ग्लुकोज नको. साखर आता तुमच्या पोटात थांबत नाही, सरळ खाली उतरते आणि माणसाला आडवं पाडते."

"त्यांना गोडाचं सांगताय?" माला म्हणाली. "गुळाच्या अडतीत आहेत ते."

"म्हणून तर सांगतोय."

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. मार्केट यार्डात एका अडत्याकडं मी नोकरीला. सकाळी ढेपा उतरल्या की बोटाएवढा तुकडा काढून जिभेवर ठेवायचा आणि हा गूळ कुठल्या दराला जाईल ते सांगायचं, हे माझं काम. ऑपरेशननंतर मी नुसता रंग बघून, तुकडा मोडून आणि वास घेऊन सांगायला लागलो. यार्डातले लोक म्हणायचे, दिगंबर आता गुळाला लांबूनच नमस्कार करतो.

पण माझी खरी ओळख गुळाची नव्हे. मी फुटबॉलचा रेफ्री. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि मॅचच्या दिवशी निम्मं गाव स्टेडियमवर असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मी आमच्या नवा बुरूज तालमीकडून खेळलो, गुडघा दुखावल्यावर शिट्टी हातात घेतली. पुढं अंग सुटत गेलं. शेवटी शेवटी मधल्या वर्तुळातून पुढच्या गोलपर्यंत पोचेस्तोवर गोल होऊन पोरं नाचून परतही आलेली असायची. एका हंगामात संघटनेनं मला मैदानातून उठवून टेबलाशी बसवलं. कोण खेळाडू बदलला, कुणाला पिवळं कार्ड मिळालं ते लिहायचं. काम सावलीतलं होतं, चहा वेळेवर यायचा. मला मात्र तिथं बसून मॅच बघवायची नाही.

डॉक्टरांची परवानगी मिळाली आणि माझी गाठ फिरोज मुल्लाणीशी पडली. फिरोज फिजिओथेरपिस्ट, तिशीतला, अंगानं काडी. त्यानं पहिल्या दिवशी माझे बूट बघितले आणि हात जोडले.

"साळोखेकाका, हे बूट वास्तुशांतीला घालून जा. पळायला दुसरे घ्या."

मग त्यानं पोटावरची सैल कातडी आवळून धरणारा गंजीफ्रॉक घ्यायला लावला. वजन उतरलं तरी कातडी जागेवरच राहते, आणि पळायला लागलं की ती स्वतंत्रपणे पळते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

"आता नियम एकच," फिरोज म्हणाला. "पळताना माझ्याशी बोलायचं. बोलता येतंय तोवर पळायचं. वाक्य तुटलं की चालायचं."

"बोलू काय?"

"तुमच्याकडं गोष्टींना तोटा आहे होय? फायनलच्या गोष्टी सांगा."

अशा रीतीनं रंकाळ्याच्या काठावर माझं पळणं सुरू झालं. मी सांगायचो, "पाणवठा तालीम आणि आम्ही, फायनल, शेवटची पाच मिनिटं, मी डाव्या बगलेत—" आणि तिथं माझा दम संपायचा. फिरोज म्हणायचा, "चाला." आम्ही चालायचो. मी दोन घोट पाणी घ्यायचो. श्वास बसला की फिरोज विचारायचा, "डाव्या बगलेत काय?" मग पुन्हा पळणं, "डाव्या बगलेत चेंडू आला आणि त्यांचा बॅक माझ्या अंगावर—" की पुन्हा चालणं. पहिल्या आठवड्यात तो बॅक माझ्या अंगावर आला तो आलाच. गोष्ट काही पुढं सरकेना. रोज फिरायला येणारी माणसं आमच्या आगेमागे असायची. त्यांतले एक पेन्शनर एके दिवशी थांबले आणि फिरोजला म्हणाले, "अहो, त्यांचा गोल झाला का नाही तेवढं सांगा. मी उद्या गावाला चाललोय."

महिन्याभरानं गोल झाला. एका दमात. मी सांगून संपवलं आणि बघतो तर आम्ही अजून पळतच होतो. फिरोजनं माझ्या पाठीवर थाप मारली. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. घरी येऊन मी मालाला सांगितलं तर ती म्हणाली, "आता अंडी खा. गोल नंतर सांगा."

मधल्या काळात आबा चौगुले माझ्यावर नाराज होते. आबा म्हणजे आमच्या तालमीचे वस्ताद. मला फुटबॉल शिकवला त्यांनी. माझे वडील लवकर गेले, त्यानंतर मी खेळून आल्यावर मला ताटावर बसवून घेतलं तेही त्यांनीच. सत्तरी ओलांडली होती तरी ताठ चालायचे. ऑपरेशनचं कळलं तेव्हा ते घरी आले होते. मालानं त्यांच्यापुढं पोह्यांची बशी ठेवली, माझ्यापुढं वाटीत वरणाचं पाणी ठेवलं. आबांनी वाटीकडं बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच जातंय आबा."

"आरं, अख्खा रस्सा संपवणारा गडी तू. पोट कापून कोण मोठं झालंय रं?"

त्यांनी पोहे खाल्ले नाहीत. उठून गेले. पण मी पळायला लागलोय हे कानावर गेल्यावर एके सकाळी रंकाळ्यावर येऊन, लांब एका कट्ट्यावर बसून त्यांनी बघितलं. जवळ आले नाहीत. फिरोजनं दाखवलं म्हणून मला कळलं.

पाऊस सरला की नवा हंगाम. त्याआधी रेफ्रींची शारीरिक चाचणी व्हायची. मैदानाभोवती ठरलेल्या वेळात पळायचं, शिट्टी वाजली की थोडं चालायचं, पुन्हा शिट्टी, पुन्हा पळायचं, असे बरेच फेरे. जो मागं राहील तो बाद. मोठ्या मॅचेसच्या यादीत पंचेचाळिशीच्या पुढं कुणाला घेत नसत, म्हणजे माझी ती शेवटचीच संधी. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी रक्त तपासून, छातीचा आलेख काढून, होय म्हणून सांगितलं. फिरोजनं रंकाळा सोडून मला मैदानावर आणलं आणि शिट्टीवर पळायची सवय लावली. शेवटच्या आठवड्यात मी सगळे फेरे दोनदा पुरे केले. दुसऱ्या वेळी फिरोजच दमला.

चाचणी रविवारी सकाळी होती. मी साडेसहाला मैदानावर पोचलो तर गॅलरीत माणसं. आमच्या तालमीची निम्मी पेठ आली होती. एकानं हलगी आणली होती. चाचणीला हलगी! मुंबईहून आलेले परीक्षक गोंधळून विचारत होते, "आज मॅच आहे का?"

मी बुटाची नाडी बांधत होतो. माला पायरीवर बसली होती, फिरोज कोपऱ्यात परीक्षकांशी बोलत होता. तेवढ्यात आबा आले. हातात तांब्या, तांब्यावर पेला.

"दिगू."

"आबा! तुम्ही आलात?"

"येणार न्हाई तर काय करणार? फायनलला मी कवा चुकलोय?" त्यांनी पेला भरला. गूळपाणी होतं. आमच्या तालमीत मॅचच्या आधी आबांच्या हातचं गूळपाणी पिऊनच संघ मैदानात उतरायचा. मी खेळत होतो तोवर एकही मॅच त्याशिवाय खेळलो नव्हतो. "घे. मी तवा तुला लागंल असं बोललो. मनात ठेवू नगंस."

पेला माझ्यापुढं होता. त्या वासावरूनच मला कळलं, गूळ पहिल्या प्रतीचा होता, बिनरसायनाचा. आबांनी कुठून तरी मुद्दाम आणला असणार. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. पण सत्तरीतला माणूस पहाटे उठून, गूळ विरघळवून, तांब्या झाकून घेऊन आला होता, आणि माझ्याकडं असा बघत होता की जणू मीच त्याला काहीतरी द्यायचं होतं.

मी प्यालो. अर्धा पेला. मालाची आमच्याकडं पाठ होती.

शिट्टी वाजली आणि आम्ही सुटलो. आम्ही बाराजण होतो, बाकीचे माझ्याहून बरेच तरुण. पहिले फेरे इतके सोपे गेले की मला वाटलं, डॉक्टर उगाच घाबरवतात. हलगी वाजत होती. पेठेतली पोरं माझ्या नावानं ओरडत होती. मी तिघांच्या पुढं होतो. एकदा मालाच्या समोरून जाताना मी ऐटीत हात हलवला, तिनं कपाळावर हात मारला.

निम्म्याहून जास्त फेरे झाले आणि पोटात एकदम कळ आली. मग घाम. पळताना येतो तसला घाम नव्हे, गार. छातीत हलगीपेक्षा जोरात ठोके पडायला लागले. शिट्टी वाजली, चालायची वेळ झाली, पण श्वास खाली बसेना. मी स्वतःशी बोलून बघितलं. 'डाव्या बगलेत चेंडू आला' एवढं म्हणायला गेलो तर 'डाव्या' झाल्यावर पुढचा शब्दच सापडेना.

पुन्हा शिट्टी. पाय पळायला लागले. सवयीनं. समोरचं गोलपोस्ट दोन दिसायला लागलं. मला स्पष्ट आठवतंय, त्या वेळी माझ्या मनात हिशेब चालला होता: थोडेच फेरे राहिलेत, दात खाऊन काढता येतील. गॅलरीतनं आवाज येत होता, "दिगूदा, सोडायचं न्हाई!" आबा कठड्याला धरून उभे होते, मूठ वर करून. थांबलो असतो तर पुन्हा टेबल, सावली आणि चहा. पंचेचाळिशी महिन्यावर आली होती.

रेफ्री म्हणून मी कित्येक पोरांना मैदानाबाहेर घालवलं होतं. डोक्याला लागलेलं पोर म्हणतं, "मला काय झालं न्हाई, खेळतो की मी." आपण त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि बाहेरचा रस्ता दाखवायचा. त्या वेळी माझ्या डोळ्यांत बघायला दुसरं कुणी नव्हतं.

मी हात वर केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो, "बास!"

आखलेल्या वाटेवरून बाहेर आलो आणि गवतावर बसलो. हलगी अर्ध्या ठोक्यात थांबली.

फिरोज पळत आला. मला आडवं केलं, पाय उचलून पाण्याच्या खोक्यावर ठेवले, नाडी धरली. "काय खाल्लंय सकाळी?"

"अंडं. दही. आणि…"

"आणि?"

"गूळपाणी."

फिरोजनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "पडून राहा. उतरेल. बरं केलंत थांबलात. पुढं पळला असता तर पडला असता तोंडावर."

माला कधी येऊन डोक्याशी बसली कळलं नाही. तिनं पदरानं माझा घाम पुसला. मागून आबा आले, तांब्या अजून हातात. फिरोजनं त्यांना काय झालं ते सांगितलं तसा त्यांचा चेहरा पार उतरला.

"माझ्यामुळं झालं हे? आरं देवा. पोरा, तू सांगायचं न्हाईस व्हय मला?"

"तुमच्यामुळं नाही आबा. मीच घेतलं."

"मी आपलं पायात जोर येईल म्हणून…"

"आबा, बसा इथं," माला म्हणाली. त्यांना तिनं गवतावर बसवून घेतलं. तिकडं बाकीचे फेरे चालूच होते, पळणाऱ्यांच्या बुटांचा आवाज आमच्या जवळून जायचा आणि लांब व्हायचा. मी आभाळाकडं बघत पडलो होतो. मला वाटत होतं, आता ही म्हणेल, जाऊ दे, पुष्कळ झालं, एवढं केलंत तेच खूप. ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

मालानं पुन्हा माझा घाम पुसला. मग आबांना म्हणाली, "आबा, आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. पंगतीत, घरी, तुमच्याकडं, कुठंही बघा. वाढणारा दमायचा, पण ह्यांच्या तोंडातनं 'बास' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आज पहिल्यांदा ऐकला." तिनं गॅलरीकडं बघितलं. "तोही एवढ्या माणसांत. हलगी वाजत असताना."

मला तोवर वाटत होतं, डॉक्टरांनी पोट लहान केलं, फिरोजनं पाय सुधारले, आणि मी काय ते नुसतं पळलो.

आबांनी तांब्या उचलला, उठले आणि उरलेलं गूळपाणी घेऊन परीक्षकांकडं गेले. आम्हाला लांबून दिसत होतं, मुंबईचे ते गृहस्थ आधी नको नको म्हणत होते. आबांपुढं त्यांचं काय चालणार! दोन पेले प्यावे लागले त्यांना.

मोठ्या यादीत माझं नाव लागलं नाही ते नाहीच. वय झालं आणि तो रस्ता बंद झाला. पण त्याच हंगामात शाळांच्या मुलींची स्पर्धा सुरू झाली होती आणि तिला रेफ्री मिळत नव्हते. पुरुषांच्या मॅचेस सोडून मुलींच्या मॅचला कोण उन्हात उभा राहणार! त्या स्पर्धेच्या रेफ्रींची चाचणी वेगळी होती, वयाची अट नव्हती. दोन महिन्यांनी मी ती दिली, पोटात अंडं आणि हातात साध्या पाण्याची बाटली घेऊन. पास झालो. आबांनी त्या सकाळी मला उकडलेले शेंगदाणे आणून दिले होते, तेही "किती खाऊ देत?" असं आधी मालाला विचारून.

पहिली मॅच एका शाळेच्या मैदानावर होती. गवत कमी, धूळ जास्त. बघायला म्हणून पोरींचे आईबाप आणि कडेला दोन म्हशी. माला आणि फिरोज कंपाउंडच्या भिंतीवर बसले होते. मी शिट्टी वाजवली आणि अकरा-अकरा पोरी अशा सुटल्या की पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं, फिरोज माझ्यावर फार दया करत होता. चेंडू इकडं की त्या सगळ्या इकडं, चेंडू तिकडं की सगळ्या तिकडं. मी त्यांच्याबरोबर होतो. मागून नव्हे, बरोबर. पायाखाली धूळ उडत होती, श्वास चालू होता आणि मधूनमधून मी पोरींना ओरडून सांगत होतो, "कोपर आत घे! कोपर!" वाक्य कुठं तुटत नव्हतं.

दुसऱ्या हाफमध्ये निळ्या संघाच्या एका पोरीनं गोल मारला आणि मी हात वर करून ऑफसाइड दिला. मी अगदी रेषेत होतो, मला स्वच्छ दिसलं होतं. पोरगी बिचारी हिरमुसून परत फिरली. पण कडेनं एक आवाज आला.

"ओ रेफ्री! डोळं घरात ठिवून आलाय काय?"

मी बघितलं. हिरव्या लुगड्यातली एक बाई, पदर खोचलेला, कमरेवर हात. ऑफसाइड देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा ती आता उद्धार करणार होती.

"मॅच बघाय आलाय का शिट्टी फुकाय? आंधळा रेफ्री! कोण घेतंय असल्यांना?"

भिंतीवरून माला आणि फिरोज पुढं झुकून माझ्याकडं बघायला लागले. त्यांना वाटलं मला लागलं असेल. त्यांना काय माहीत! शेवटची कित्येक वर्षं मला मैदानावरून जी शिवी यायची ती माझ्या अंगाला यायची. हत्ती, एसटी डेपो, रोड रोलर. कुणी माझ्या निर्णयाला शिवी द्यायचंच सोडून दिलं होतं. आणि ही बाई माझ्या डोळ्यांबद्दल बोलत होती. शिट्टीबद्दल बोलत होती. पोटाकडं तिचं लक्षच गेलं नव्हतं.

"बघा की, कसा हसतोय!" ती शेजारच्या बाईला म्हणाली. "लाज न्हाई वाटत!"

मला खरंच वाटलं की जावं आणि त्या माउलीच्या पाया पडावं. पण तेवढ्यात फ्री किक झाली होती, चेंडू डाव्या बगलेतून सुटला होता, आणि मला त्याच्या मागं पळायचं होतं.